पाळणा हवा, जुना चालेल

निकालराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. विमा कंपनीत अपघात झालेल्या गाड्या तपासायचं त्यांचं काम. चेपलेली, मुरगळलेली, झाडाला मिठी मारून बसलेली अशी गाडी समोर आली की ते चष्मा कपाळावर चढवत, तिच्याभोवती एक फेरी मारत, चाकाला पायानं एक टोला देत, पिवळ्या रंगात कुंचला बुडवून तिच्यावर भली मोठी फुली ओढत आणि म्हणत, "निकालात काढा." हे दोन शब्द ते अशा काही थाटात उच्चारत, की गाडीचा मालकसुद्धा मान खाली घालून निमूट निघून जाई. इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव निकालराव ठेवलं आणि ते त्यांना इतकं चिकटलं की पुढं पुढं पोस्टमनही त्याच नावानं हाक मारायला लागला.

अशा माणसानं गाडी मोडीत काढायचं सोडून जुळवायला घ्यावी, म्हणजे जन्मभर पेपर तपासणाऱ्यानं एकदम पेपर लिहायला बसावं तसं होतं. पण ते घडलं, आणि चहाच्या टेबलावर घडलं. मध्यमवर्गीय घरातल्या बऱ्याचशा आपत्तींचा उगम तिथंच असतो.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. बाई तशा खणखणीत, पण त्यांना गाडी लागायची. बस, मोटार, रिक्षा, ज्याला म्हणून छप्पर आहे ते सगळं लागायचं. दार बंद झाल्याचा आवाज आला की त्यांच्या पोटात ढवळायला लागे. मोकळ्या हवेत काही त्रास नसे. पण स्कूटरवर बसायचं तर उजवा गुडघा आडवा येई, कारण तो 'मोडेन पण वाकणार नाही' या बाण्याचा होता. त्यामुळं त्यांचं जग घरापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत येऊन थांबलं होतं.

याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार एकाच गोष्टीची होती. डोंगरापलीकडच्या गावात त्यांची थोरली बहीण राहायची. ताई. दोघी रोज सकाळी फोनवर बोलायच्या, म्हणजे भांडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कालचं भांडण पुढं चालवायला पुन्हा फोन करायच्या. पण ताईंचे कान हळूहळू गेले. यंत्रं लावून झाली, ती ताईंनी काढून ठेवली. आता समोर बसून, तोंडाकडे बघत कुणी बोललं तर थोडंफार कळे. फोन मात्र बंद झाला. सासूबाई सकाळी सवयीनं फोन हातात घेत, थोडा वेळ तसाच धरून ठेवत आणि खाली ठेवत.

त्या दिवशी त्यांनी फोनही ठेवला आणि चहाही अर्धा ठेवला. म्हणाल्या, "वाढदिवस आलाय तिचा. तिचं तोंड एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. पुढचं कोणी सांगावं."

आणि मग निकालरावांनी छाती भरून श्वास घेतला. त्यांच्या बायकोला या श्वासाची ओळख होती. तिनं घाईघाईनं बिस्किटांचा डबा पुढं केला, पण उशीर झाला होता.

"आई, ताईंच्या वाढदिवसाला मी नेतो तुम्हाला," निकालराव म्हणाले. "मोटारसायकलला शेजारी एक बैठक जोडायची. साइडकार. वर छप्पर नाही, पाय लांब करून बसायचं. गाडी लागत नाही आणि गुडघा वाकत नाही."

"अशी गाडी आहे कुणाकडे?" बायकोनं विचारलं.

"ज्यांच्याकडे आहे ते देत नाहीत. आपण बांधायची. जुने भाग जमवायचे आणि बांधायची."

"अहो, खिळा ठोकायचा झाला तरी तुम्ही सुताराला बोलावता."

"खिळा ठोकणं ही मेहनत आहे," निकालराव शांतपणे म्हणाले. "गाडी बांधायला नजर लागते. माझी उभी हयात गाड्या बघण्यात गेली."

"मोडलेल्या."

"माणूस मेल्यावरच आतून कसा आहे ते डॉक्टरांना कळतं," निकालराव म्हणाले. सासूबाईंनी उरलेला चहा पिऊन टाकला, आणि इथं विषय संपला. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. तो एकदा फिरायला लागला की बाकीच्या ग्रहांनी वाट द्यायची असते.

बातमी खाली तळमजल्यावर पोचली. तिथं निवृत्त प्राचार्य राहायचे. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, त्यामुळं वाहन या विषयावर त्यांची मतं अत्यंत स्वच्छ होती. "एकाच गाडीचे भाग घ्या," त्यांनी बजावलं. "घोड्याला घोड्याचेच पाय हवेत. दहा ठिकाणचे घेतलेत तर एक ना धड भाराभर चिंध्या." निकालरावांनी आदरानं ऐकून घेतलं. शेजाऱ्यांचा सल्ला हा पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईसारखा असतो. घ्यायचा, बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्याला देऊन टाकायचा.

गावाबाहेर जुन्या गाड्यांच्या भागांचं एक मोठं आवार होतं. टाक्यांचा ढीग वेगळा, हँडलांचा वेगळा, चाकं तारेत ओवून टांगलेली. मालकाला सगळे मामा म्हणत. नाव त्याचं मामा, पण तिथं मामा व्हायचं ते गिऱ्हाईक. निकालरावांनी मोडीत काढलेल्या गाड्या वर्षानुवर्षं त्याच्याच आवारात येऊन पडत, तेव्हा त्यानं त्यांना खुर्ची दिली, पुसून दिली आणि स्वतः एका इंजिनावर बसला.

"हेच घ्या," बुडाखालच्या इंजिनावर थाप मारत तो म्हणाला. "डॉक्टरांच्या गाडीचं आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर."

इंजिन झालं. टाकी पाहिली, तीही डॉक्टरांच्या गाडीची निघाली. पुढचा शॉकअप डॉक्टरांचा, हेडलाइटचा डूम डॉक्टरांचा. निकालरावांनी शेवटी विचारलं, "मामा, या गावातले सगळे डॉक्टर काय पायी फिरतात का?"

"म्हणून तर तब्येती चांगल्या आहेत त्यांच्या," मामा म्हणाला.

चौकट मात्र निकालरावांनी स्वतः निवडली. ढिगातून एकेक बाहेर ओढायला लावली, डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर फिरवली, बोटानं टिचक्या मारल्या, आणि अखेर एक चौकट उचलून धरली. "ही," ते म्हणाले. "सरळ, सच्ची, जातिवंत. कोणत्या गाढवानं ही भंगारात टाकली?"

मामानं फडकं घेतलं आणि चौकटीवरची धूळ पुसली. खाली पिवळी फुली होती. भली मोठी. आवारातल्या वेल्डरनं तोंडावरची काच वर केली, फुली पाहिली, निकालरावांकडे पाहिलं आणि काच पुन्हा खाली घेतली.

एखादा लेचापेचा माणूस असता तर इथंच घरी गेला असता. निकालरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "तेव्हाच मला वाटलं होतं," ते म्हणाले, "हिच्यात काहीतरी आहे." आणि चौकट बाजूला काढायला सांगितली.

आता राहिली साइडकार. मामानं त्यांना आवाराच्या टोकाला नेलं आणि कुशीवर पडलेली एक आख्खी मोटार दाखवली. "ही बघा कार. साइडवरच आहे."

निकालरावांनी हातवारे करून समजावलं. मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, मग पाळणा म्हणा ना सरळ. आमच्या धंद्यात पाळणाच म्हणतात त्याला. मिळेल, पण शोधावा लागेल. मी फोन करतो."

घरी आल्यावर सासूबाईंना हा शब्द इतका आवडला, की त्या दिवसापासून घरात साइडकार हा शब्द कुणी काढला नाही. उठता-बसता पाळणा. "पाळण्याचं काय झालं, जावईबापू?" "पाळणा मिळाला का?" आणि मामाचा फोन यायचा तो नेमका निकालराव जिना चढत असताना. जिन्यात आवाज घुमतो, हे निकालरावांना माहीत होतं. पण ज्याला आपल्या आवाजाचा अभिमान आहे त्याला ते गैरसोयीचं वाटत नाही.

"हो, पाळणाच हवाय," एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर उभं राहून ते म्हणाले. "जुना चालेल. नवा कशाला, या वयात आता कितीसा वापर होणार... नाही हो, आमचं काही ठरलेलं नव्हतं. सासूबाईंची फार इच्छा, म्हणून करतोय... बायको ना? आधी नाराजच होती. आता कुठं तयार झालीय. पण लवकर बघा, दिवस थोडे राहिलेत."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दाराआडून कचऱ्याची बादली बाहेर ठेवत होत्या. त्यांनी बादली परत आत घेतली.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीचं वागणं बदललं. निकालरावांच्या बायकोच्या हातातली पिशवी लोक काढून घ्यायला लागले. लिफ्टमध्ये तिला कोपरा मोकळा करून मिळायला लागला. तळमजल्यावर प्राचार्यांनी निकालरावांना थांबवून त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ हलवला. "धाडस आहे," ते म्हणाले. "या वयात लोक निवृत्तीचे हिशेब करतात."

"आत्मविश्वास लागतो," निकालराव म्हणाले. "आणि अनुभव. मशिनरी जुनी असली तरी चालते, देखभाल पाहिजे."

प्राचार्य खाकरले आणि आत गेले.

रविवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात शिकायला होती, वसतिगृहात राहायची. "बाबा," ती जपून म्हणाली, "मला बाहेरून कळावं याचं वाईट वाटलं."

"अगं, तुला एकदम तयार झाल्यावरच दाखवणार होतो. धक्का द्यायचा होता."

"तो बसला." मग हळूच, "आईची तब्येत कशी आहे?"

"तिला काय झालंय? सगळी धावपळ माझी चाललीय. ती नुसती बसून सूचना देते. बाकी मामानं सगळं जुळवून आणलं. अंग जवळपास धरलंय, आता रंग कोणता द्यायचा एवढंच राहिलंय."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "बाबा, फोन आईकडे द्या," मुलगी म्हणाली.

बायकोनं फोन घेतला, ऐकला. आधी तिची भुवई वर गेली, मग ती खुर्चीवर बसली, मग लाल झाली. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं त्यांच्या यजमानांनी माळ्यावरून काढून, पुसून आणलेला एक लाकडी पाळणा होता. "जुना चालेल म्हणालात म्हणून," वहिनी गोड हसून म्हणाल्या. "आमच्या दोन्ही मुलांचा आहे. पायगुण चांगला आहे त्याचा."

त्यानंतर जे घडलं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो, की निकालरावांना जिन्यात फोनवर बोलायची बंदी झाली, वहिनींना चहा मिळाला पण साखर कमी मिळाली, आणि सासूबाई आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड घालून इतक्या हसल्या की औषधाची वेळ टळली. बायको दोन दिवस नवऱ्याशी फक्त "ताट घ्या" आणि "ताट उचला" एवढंच बोलली. निकालरावांचं म्हणणं असं, की आपण एक अक्षर खोटं बोललो नाही. ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं नव्हतं.

खरा पाळणा सापडला एका फोटोग्राफरकडे. त्याच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं लहान मुलांना त्यात बसवून फोटो काढायचे. आता फोटो काढायला त्याच्याकडे कुणी येत नव्हतं, आणि पाळण्यात तो बिलांच्या फायली ठेवत होता. माल पक्का होता. अडचण एकच. मुलांना आवडावं म्हणून त्याच्यावर आकाशी रंग दिला होता आणि दोन्ही बाजूंना मान वाकवून पोहणारा एक एक पांढरा हंस काढला होता.

"हे हंस खरवडून पाळणा काळा करू," निकालराव घरून फोनवर मामाला म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकलं मात्र. "हंसाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. एका जबाबदार विमा-तपासनिसानं हंस शेजारी घेऊन भर रस्त्यातून जायचं, हे निकालरावांना जड गेलं; पण ज्या घरात सासूबाई हसतात त्या घरात जावयानं तोंड उघडू नये, एवढा पोक्तपणा त्यांच्याकडे होता.

वेल्डरनं पाळणा गाडीला जोडला. जोडल्यावर कळलं की नाकापेक्षा मोती जड झालाय. गाडी सुरू झाली की सरळ जायचं सोडून पाळण्याच्या बाजूला ओढ घ्यायची. इमारतीच्या अंगणात पहिली चाचणी झाली. पाळण्यात वजन हवं, म्हणून प्राचार्य स्वतःहून बसले. "बाहेरून दिलेला सल्ला पोकळ असतो," ते म्हणाले. "आतून बघतो." गाडी सुरू झाली आणि पाण्याच्या पंपाभोवती गोल फिरायला लागली. हँडल कितीही दाबलं तरी ती गोलच. प्राचार्य पहिल्या फेरीत सल्ला देत होते, दुसऱ्या फेरीत हंसाच्या डोक्यावरची कड घट्ट धरून बसले, आणि त्यानंतर दर फेरीला त्यांच्या गॅलरीसमोरून जाताना बायकोला सांगत होते, "काही काळजी करू नकोस." पेट्रोल संपल्यावर गाडी थांबली. त्यांना उतरवून घेतलं तेव्हा ते जमिनीवर उभे राहिले, तरी थोडे गोल फिरले. दुसऱ्या दिवशी वेल्डरनं जोड बदलला, पाळणा थोडा पुढं घेतला, आणि मग गाडी माणसासारखी चालायला लागली.

आता सरकारदरबार. वाहन नोंदणी कार्यालयात खिडकीत एक बाई बसायच्या. त्यांनी अर्ज पाहिला. "मूळ गाडी कोणती?"

"तसं मूळ असं नाही," निकालराव म्हणाले. "इंजिन एकीचं, टाकी दुसरीची, चाकं—"

"चौकट जिची, नाव तिचं," बाई म्हणाल्या आणि चौकटीवरचा नंबर संगणकात घातला. मग पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "ही गाडी गेलीय."

"कुठं?"

"गेलीय म्हणजे वारलीय. विमा कंपनीनं निकालात काढलीय. दुरुस्तीपलीकडे, असा शेरा आहे. खाली सही..." त्यांनी पडद्यावरची सही पाहिली, अर्जावरची पाहिली, आणि मग खिडकीतून वाकून निकालरावांना पाहिलं. "सही तुमचीच आहे."

"माझीच."

"मग शेरा चुकला होता असं लिहून द्या. लगेच काम होईल."

मागं रांग होती. वाढदिवस परवावर आला होता. दुसऱ्या कुणीही लिहून दिलं असतं. निकालराव ताठ झाले. "शेरा चुकलेला नाही," ते म्हणाले. "तेव्हा ती गाडी दुरुस्तीपलीकडेच होती."

"आणि आता?"

"आता ती अलीकडे आलीय."

बाईंनी हा अर्ज दोन बोटांनी उचलून आतल्या साहेबांकडे नेला. साहेबांनी निकालरावांना आत बोलावलं, बाहेर उभी असलेली गाडी खिडकीतून पाहिली, हंस पाहिला, डोळे चोळले. "चाकं तीन आहेत," ते म्हणाले. "ही दुचाकी धरायची की तीनचाकी?"

"दुचाकी," निकालराव म्हणाले. "तिसरं चाक सासूबाईंचं आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

निकालरावांनी सगळं सांगितलं. गाडी लागणं, गुडघा, ताईंचे कान, वाढदिवस. बाईही दारात उभ्या राहून ऐकत होत्या. साहेबांनी अर्ज पुन्हा उलटून पाहिला. मग म्हणाले, "तुम्ही सासूबाईंसाठी गाडी बांधलीत?"

"हो."

साहेब उठले आणि दार लावून आले. "हे इथंच राहू द्या," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आमच्याही राहतात घरी. त्यांना कळलं तर मला विमान बांधावं लागेल." मग खाली जाऊन त्यांनी गाडी कसून तपासली, ब्रेक दाबून पाहिले, पाळण्यात बसून एक फेरी मारली, आणि वर येऊन शिक्का उमटवला.

वाढदिवसाच्या सकाळी मंडळी निघाली. पुढं निकालराव, मागं पिशवी मांडीवर घेऊन बायको, आणि पाळण्यात सासूबाई, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर जावयाचा जुना गॉगल आणि उजवा पाय ऐटीत लांब केलेला. गल्ल्यांतून, बाजारातून, पुलावरून गाडी निघाली. लोक वळून बघत होते. सासूबाई त्यांना हात दाखवत होत्या. पोटात ढवळण्याचं नाव नव्हतं. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तर त्या म्हणाल्या, "थोडं जोरात घ्या." निकालरावांना वाटलं, आपण जन्मात इतकं चांगलं काही केलं नसेल.

डोंगराचा चढ लागला. गाडी तब्येतीनं चढत होती. अर्ध्या वाटेवर मागं खणकन काहीतरी पडलं, आणि आतापर्यंत नुसता घसा साफ करत चाललेली गाडी एकदम गर्जायला लागली. बायकोनं मागं पाहिलं. डॉक्टरांच्या गाडीचा सायलेन्सर उतारावरून गडगडत चालला होता. तो वळणापर्यंत गेला, क्षणभर काठावर थांबला आणि दरीत उतरला.

निकालरावांनी गाडी उभी केली. इंजिन चालूच होतं, आणि आवाज असा, की समोरच्या कड्यावरून पाखरं उठली. त्यांनी दरीत डोकावलं. त्यांचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पडला. "मागं फिरू," ते ओरडून म्हणाले. "हे असं घेऊन लोकांच्या दारात जायचं? शोभा होईल. दुसरा सायलेन्सर बसवू, पुढच्या आठवड्यात येऊ."

बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाईंनी गॉगल सारखा केला. "जावईबापू," त्या ओरडल्या, "मला तुमचं काही ऐकू येत नाहीये. चला."

आणि मग ते गेले. डोंगर उतरून त्या गावात शिरले तेव्हा कुत्री पळाली, खिडक्या उघडल्या, शिडीवर चढून पाटी रंगवणारा एक जण शिडीसकट खाली आला. निकालराव मान ताठ ठेवून चालवत होते. असा आवाज मुद्दाम, खास ऑर्डर देऊन बनवून घेतलाय, असा त्यांचा चेहरा होता. आतून मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ताईंच्या सुनेनं आधीच सांगून ठेवलं होतं, की त्या आता खोलीबाहेर येत नाहीत. दारावरची बेल कळत नाही, कोण आलं कोण गेलं कळत नाही, म्हणून त्यांनी वाट बघणंच सोडून दिलंय. तुम्ही आलात की सरळ आत या.

गाडी गल्लीत वळली. फाटकात ताई उभ्या होत्या. एका हातानं फाटक धरलेलं, मान एका बाजूला कललेली. मागं त्यांची सून, हाताला साबणाचा फेस तसाच. "मघापासून म्हणतायत, काहीतरी वाजतंय, काहीतरी येतंय," सून ओरडून सांगत होती. "मला वाटलं भास होतोय. मी अडवत होते, पण उठून आल्या."

निकालरावांनी शरमून घाईघाईनं किल्ली फिरवली. गल्ली एकदम गप्प झाली.

ताईंच्या चेहऱ्यावरचं सगळं विझलं. "गेलं," त्या म्हणाल्या. "थांबलं."

सासूबाईंनी इतक्या दिवसांचं किती बोलायचं साठवून आणलं होतं. उठायला बघितलं तर गुडघा उठू देईना. त्यांनी मूठ वळून जावयाच्या दंडावर मारली. "चालू करा."

"आई, लोक बघतायत."

"चालू करा म्हणते ना."

निकालरावांनी किक मारली. गाडी नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा मारली, आणि ती पेटली. खिडक्यांची तावदानं थरथरली. ताई फाटक सोडून पुढं आल्या, त्यांनी दोन्ही तळवे टाकीवर टेकवले आणि त्या हसायला लागल्या. मग त्यांचं पाळण्याकडे लक्ष गेलं. हेल्मेट आणि गॉगल यांच्या आतली धाकटी बहीण त्यांनी ओळखली, आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या. एकीचं बोट दुसरीच्या नाकासमोर नाचत होतं. बहुधा मागचं भांडण पुढं चालू झालं होतं. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघींपैकी कुणीही थांबत नव्हतं. त्या आवाजात कुणालाच कुणाचं अक्षर ऐकू येत नव्हतं, त्यामुळं दोघी बरोबरीला आल्या होत्या.

समोरच्या घरातून एक गृहस्थ कानांवर हात ठेवून बाहेर आले. ते निकालरावांकडे बघून जिवाच्या आकांतानं काहीतरी सांगत होते, आणि ते काय असणार हे स्पष्ट होतं. निकालरावांनी आपल्या कानाकडे बोट दाखवलं, नम्रपणे मान हलवली आणि हँडलची मूठ आणखी थोडी पिळली.